पाटाच्या वाटेवरचा बिननावी प्लेअर

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. ह्या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचतो, आणि बायकोला वाचून दाखवताना मुद्दाम आवाज घोगरा काढतो... मला भीती वाटते ती पालीची, दातांच्या डॉक्टरची, आणि लग्नात कुणी अचानक हातात माइक देऊन "दोन शब्द बोला" म्हणालं तर त्याची. बाकी अमानवीय वगैरे आपल्या वाटेला जाणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं तर हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. आम्ही तेव्हाही इथेच राहायचो – नाशिकला, पंचवटीच्या पुढे मखमलाबाद रोडच्या आतल्या बाजूला. तेव्हा इथे निम्मी कॉलनी आणि निम्मे मळे होते. सकाळी खिडकी उघडली की कोथिंबिरीचा वास यायचा, आणि मागच्या बाजूने पाट वाहायचा, म्हणजे धरणाचा कालवा. अंबड एमआयडीसीतली नोकरी सुटल्यावर मी मेहुण्याबरोबर, म्हणजे नंदूबरोबर, केबल इंटरनेटचा धंदा सुरू केला होता. ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकायच्या, जिन्यात प्लास्टिकच्या डब्यात वायरी जोडणारा हब लावायचा, की झालं. वायरीवर कावळा बसला तरी कुणाचं तरी नेट जायचं आणि फोन मला यायचा. कारण नंदू फोन उचलत नसे.

नेट कासवाच्या गतीचं असलं तरी कॉलनीतल्या कॉलनीत कॉम्प्युटर एकमेकांना सुसाट जोडलेले असायचे. त्यावर पोरं बंदुकांचा एक गेम खेळायची. रोज कुणीतरी आपल्या घरी तो चालू करायचं, मग त्याची आई जेवायला बोलवायची आणि सगळ्यांचं युद्ध मधेच संपायचं. नंदूच्या डोक्यातून निघालं – आपणच एक कायमचा सर्व्हर टाकू. सगळ्या कॉलनीचा मिळून. बंदच होणार नाही असा.

"दाजी, ह्यानं गिऱ्हाईक तुटत नाही बघा. पोरगं हट्ट धरतं, बाप कनेक्शन घेतो."

मला गेममधलं काही कळत नव्हतं. एकदा खेळून बघितलं, तर पूर्ण वेळ मी एका भिंतीकडे तोंड करून चालत होतो. तरीही फ्लेक्सवर नंदूच्या हात जोडलेल्या फोटोशेजारी माझा फोटो, खाली 'मार्गदर्शक'. पेपरात पत्रकं टाकली: 'आपल्या कॉलनीत, आपल्याच गल्लीत, घनघोर युद्ध!' लोकल केबलवर खाली पट्टी फिरायला लागली, 'युद्ध अक्षय्य तृतीयेला, नावनोंदणी सुरू'. तळमजल्याच्या देवरे काकू पत्रक हातात घेऊनच वर आल्या.

"कोणत्या गल्लीत हाय हे युद्ध? मला कुरडया वाळत घालायच्या हायेत."

'आपल्याच गल्लीत' हे मात्र खोटं नव्हतं. नंदूने त्या गेममध्ये आमची कॉलनीच उभी केली होती. त्याला मॅप म्हणायचे. आमची बिल्डिंग, कोपऱ्यावरचा मारुती, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, सगळं. भिंतींचे खरे फोटो काढून चिकटवलेले. गिरणीच्या भिंतीवरची 'येथे थुंकू नये' ही पाटीसुद्धा होती. आमच्या लाँचचा खरा दारूगोळा हाच होता – आपल्या घराच्या गच्चीवर उभं राहून समोरच्या बिल्डिंगमधल्या मित्राला गोळी घालता येणार, म्हणून पोरं वेडी झाली होती.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची हयात गेली. आई गेल्यानंतर त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग नावं, मग साल. कधी दुपारी उठून कारखान्याचा जुना खाकी शर्ट चढवायचे, टोपी घालायचे, आणि म्हणायचे, "बस येईल." माझी बायको माधुरी अगदी शांतपणे सांगायची, "अण्णा, आज सुट्टी आहे." मग ते शर्ट काढून परत खुंटीला लावायचे. एरवी त्रास काही नाही. नंदूच्या शेजारी खुर्ची टाकून त्याच्या स्क्रीनकडे बघत बसायचे. त्यांना वाटायचं तो काहीतरी सरकारी काम करतोय.

एकदा बोट लावून म्हणाले, "इथे वाट आहे."

"अण्णा, तिथे भिंत आहे. कालच बघून आलो."

"भिंत काय मला सांगतोस? रोज जातो मी तिथून."

त्यांचं खोटं नव्हतं, जुनं होतं. कॉलनी नवी होती तेव्हा मेन रोडपर्यंत रस्ताच नव्हता. कारखान्याचे लोक मारुतीमागच्या बोळातून पाटाच्या पायऱ्यांवर जायचे, तिथून कडेकडेने पुलापर्यंत, आणि पुलावर बस. पुढे तिथल्या प्लॉटला भिंत पडली आणि वाट बुजली. नंदूने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"टाकतो वाट," नंदू म्हणाला. "काय बिघडतंय? पोरांना लपायला जागा होईल."

"पायऱ्या पण काढ."

"काढल्या, अण्णा."

"अशा नाही रे. खाली पाण्यात जातात त्या. पाण्यात सोड."

नंदूने पायऱ्या पाण्यात सोडल्या. अण्णा खूश झाले. आम्हीही.

मॅप पुरा झाल्यावर टेस्टिंग सुरू झालं. आमचा सर्व्हर म्हणजे एक जुना डबडा कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढलेलं, समोर टेबलफॅन. बाहेरच्या खोलीत, दाराजवळच. त्याच्यावर बसलं की सगळी कॉलनी वरून दिसायची, आपण घार असल्यासारखी. बाहेरच्या कुणाला अजून आत यायला दिलेलं नव्हतं. मॅप रिकामाच असायला हवा होता. आणि पायऱ्यांवर एक माणूस उभा होता.

बाजूला खेळणाऱ्यांची नावं येतात तिथे एक ओळ होती, पण नावाची जागा कोरी.

"मागचं कनेक्शन लटकलंय," नंदू म्हणाला आणि मशीन बंद करून चालू केलं. माणूस गेला. चहा होईस्तोवर परत आला. ह्या वेळी पायऱ्यांवर नाही, वाटेच्या तोंडाशी.

पुढच्या वेळी मारुतीपाशी.

नंदू हसत होता, पण खुर्ची पुढे ओढून बसला होता. "दाजी, एक बघा. ह्याच्या हातात काहीच नाही. ह्या गेममध्ये रिकाम्या हाताने जन्मालाच येता येत नाही. कमीत कमी सुरा तरी असतो."

"मग?"

"मग काय... बघतो."

अण्णा मागे उभे होते. कधी आले कळलंच नाही. ते चष्म्यातून वाकून बघत म्हणाले, "हे उन्हात का उभे राहिलेत?"

"कोण, अण्णा?"

"हे काय, हे."

"ओळखता का?" नंदूने गमतीने विचारलं.

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. "ओळखीचे वाटतात. नाव आठवत नाही."

आम्ही हसलो. नाव न आठवणं आमच्या घरात रोजचंच होतं. पण मला आठवतंय, हसता हसता मी उठलो आणि काही कारण नसताना दाराची कडी नीट लागली आहे का ते बघून आलो.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवसाची दुपार. वैशाखातलं नाशिक, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. त्यात लोडशेडिंग. जेवणं झाली की कॉलनीतली लाइट जायची ती पार उन्हं उतरेपर्यंत. सगळीकडे पंखे थांबलेले, दारं उघडी टाकलेली (आमचं सोडून, अण्णांमुळे आम्ही कडी लावायचो), माणसं फरशीवर आडवी. नंदू उरलेले फ्लेक्स बांधायला नाक्यावर गेला होता. माधुरी पहाटेपासून कुरडया घालून थकून झोपली होती. अण्णा आतल्या खोलीत आडवे झाले होते. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू होता, आणि माझ्याकडे नंदूची सूचना – "फक्त बघत बसायचं, दाजी. हात लावायचा नाही." एवढं काम मला जमण्यासारखं होतं.

मी बघत बसलो. तो आमच्या बिल्डिंगच्या फाटकापाशी उभा होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॉलनीत लाइट नव्हती. जिन्याजिन्यातले आमचे हब बंद होते. कुणाच्या घरी कॉम्प्युटर चालू असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि असता तरी वायरीतून काही आलं नसतं. ह्या मशीनपर्यंत पोचायला त्या वेळी जगात कुणालाही रस्ता नव्हता. एवढं तर मलाही कळत होतं.

तो फाटकातून आत आला. मॅपमध्ये बिल्डिंगला आत काही नव्हतं. जिन्याचं दार म्हणजे भिंतीवर चिकटवलेला नुसता फोटो. तो त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. दार वाजवल्यावर माणूस जरा मागे सरकून थांबतो ना, तसा.

मी डोळे चोळले. बाहेर कुठे काही आवाज नाही. टेबलफॅनची घरघर तेवढी.

मग ते दोघं होते.

दुसऱ्याच्या नावाची जागाही कोरीच होती. पहिला वळला आणि चालायला लागला, दुसरा त्याच्या मागे. ह्या गेममध्ये माणसं पळतात. चालायचं असेल तर एक बटण दाबून धरावं लागतं, आणि इतका धीर कुठल्याच पोराला नसतो. ही दोघं चालत होती. सावकाश. पहिला थोडं पुढे जाऊन थांबायचा, मागच्याला गाठू द्यायचा, परत निघायचा. मारुतीच्या कोपऱ्यावर दुसरा थांबला. देवळाकडे वळला, खाली वाकला, उठला.

मारुतीच्या पायरीला हात लावून तो छातीला लावल्याशिवाय अण्णा कधीही पुढे जात नाहीत. पाऊस असो, घाई असो, आईला दवाखान्यात नेताना रिक्षा थांबवून उतरले होते.

"अण्णा?" मी बसल्या जागेवरून हाक मारली.

आत गेलो. पलंगावर चादर नीट घडी करून ठेवलेली. खुंटीवर खाकी शर्ट नव्हता, टोपी नव्हती. परत बाहेर आलो तर घराचं दार सताड उघडं. ते दार माझ्या खुर्चीच्या पाठीशीच होतं. मी इथे बसलेलो असताना अण्णा माझ्या पाठीमागून निघून गेले होते... आणि कडी मी स्वतः लावली होती.

स्क्रीनवर ती दोघं मारुतीमागे वळली. त्या वाटेवर. जी खरी नव्हती त्या वाटेवर.

मी अनवाणीच जिना उतरलो. तळमजल्यावर देवरे काकू दारात बसून चिंचा फोडत होत्या.

"काकू, अण्णा दिसले का?"

"गेले की आत्ताच. पाहुण्यांबरोबर."

"कोण पाहुणे?"

"मला काय ठाव? तुमच्याकडनंच उतरले ना. पुढं ते, मागं अण्णा. मला पाठच दिसली."

"अहो मग हाक नाही मारायची? त्यांचं कसं झालंय माहीत आहे ना तुम्हाला!"

काकू हातातली चिंच खाली ठेवून माझ्यावरच चिडल्या. "टोपी घालून चांगला कामाला निघालेला माणूस, बरोबर सोबत हाय. जाणाऱ्याला मागून हाक मारू व्हय मी? चांगलं असतं का ते?"

आमच्या घरीही मारत नाहीत. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठे चाललास विचारायचं नाही. मी पळालो.

एरवी अण्णा हरवले असते तर मी मेन रोडला गेलो असतो, भाजी बाजाराकडे गेलो असतो, रिक्षा स्टँडवर विचारलं असतं. मारुतीमागे कुणी गेलंच नसतं, तिथे भिंत आहे. त्या दिवशी मी सरळ भिंतीकडे गेलो, कारण मी त्यांना तिकडे वळताना पाहिलं होतं. भिंतीला खालून खिंडार पडलं होतं, माणूस वाकून जाईल एवढं. पलीकडे बाभळी. एका काट्याला अण्णांची टोपी लटकत होती.

पाटाला उन्हाळी पाणी सुटलेलं होतं. काठोकाठ. पाटाचं पाणी आवाज करत नाही, नुसतं जात राहतं, तेच भयंकर असतं. अण्णा पायऱ्या उतरून गुडघ्याच्या वर पाण्यात गेले होते. डावा हात तोल सावरायला बाजूला. उजवा हात पुढे, लांब केलेला. बसमध्ये चढताना आधी चढलेल्याने हात दिला की आपण धरतो तसा. बोटं मिटलेली होती. त्या बोटांच्या पुढे कुणीही नव्हतं.

"अण्णा!"

ते थांबले. वळले नाहीत.

"अण्णा!" माझा आवाज लहान पोरासारखा चिरकला.

"मागून हाक मारू नको रे," ते वैतागून म्हणाले. "बस चुकते."

आणि त्यांनी पुढचा पाय उचलला.

मला पोहता येत नाही. पाटाशेजारी आयुष्य गेलं, पण पाण्यात उतरलो नाही कधी. त्या क्षणी ते आठवलंच नाही म्हणून बरं. मी पायऱ्यांवरून घसरत गेलो आणि मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. अण्णा म्हणजे किरकोळ देहयष्टी, वारा आला तर धरून ठेवावं असे. तरी ते हलेनात. मी पूर्ण ताकदीने मागे ओढत होतो आणि त्यांचा तो उजवा हात समोर दोरीसारखा ताणला गेला होता. खांदा निखळेल असं वाटत होतं. प्रवाहाचा जोर म्हणावं, तर प्रवाह डावीकडून उजवीकडे होता, आणि हात सरळ समोर, पाटाच्या मधोमध...

मग एकदम सुटलं. रस्सीखेचीत समोरच्यांनी मुद्दाम दोर सोडला की होतं तसं. आम्ही दोघं मागे पायऱ्यांवर आपटलो. मी त्यांचा हात धरून बसलो. सगळं अंग उन्हाने तापलेलं, आणि उजवं मनगट माठासारखं गार. तो हात पाण्यात बुडालेला नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"त्यांना वाईट वाटलं असेल," अण्णा म्हणाले. "एवढं घ्यायला आले."

घरी कसे आलो विचारू नका. फाटकात काकू उभ्याच होत्या. "आले का? आणि पाहुणे कुठं राहिले?" मी अण्णांना वर नेलं. माधुरी जागी झाली होती. तिने अण्णांना आत नेऊन कोरडे कपडे दिले. नंदू फ्लेक्सची दोरी खांद्यावर घेऊन मागोमागच आला, आणि मी काही सांगायच्या आत त्याचं लक्ष स्क्रीनकडे गेलं.

"दाजी, हा चालतोय."

एकच होता आता. बाभळींच्या बाजूने, वाटेवरून, मारुतीकडे येत होता. मारुतीपाशी तो थांबला नाही. गिरणी ओलांडली. टाकी ओलांडली.

"लाइट नाहीये," नंदू स्वतःशीच म्हणाला. त्याने मशीनच्या मागून नेटवर्कची वायर उपसून काढली आणि हातात धरून उभा राहिला. "दाजी, वायर माझ्या हातात आहे. हा कसा काय..."

तो फाटकात आला. थांबला. आणि त्याने वर पाहिलं. आम्ही त्याला वरून बघत होतो ना, त्याने बरोबर आमच्याकडे तोंड केलं. गेममधल्या माणसाला चेहरा असतो, पण तो सगळ्यांना सारखाच, पुठ्ठ्यावर काढल्यासारखा. मला तो चेहरा सांगता येणार नाही. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली घेतली.

आतून अण्णांचा आवाज आला. अगदी नेहमीचा.

"अरे, त्यांना वर बोलवा. उन्हात उभे आहेत."

माधुरी गॅलरीत धावली. तिने खाली वाकून पाहिलं आणि आमच्याकडे वळून मान हलवली. फाटकात कुणी नव्हतं. रस्ता रिकामा, पांढराशुभ्र तापलेला.

आणि तेवढ्यात खालून, जिन्यातून, देवरे काकूंचा आवाज आला. मोकळा, आदरातिथ्याचा.

"हां हां, वरच राहतात. पहिला मजला. जा की."

नंदूने इन्व्हर्टरची पिन उपटली. स्क्रीन काळा झाला, पंखा थांबत थांबत थांबला. माधुरीने दाराला कडी घातली, वरची घातली, आणि पाठ लावून उभी राहिली. बेल वाजणार नव्हती, लाइट नव्हती. मी पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि तो ऐकू येऊ नये म्हणून मनातल्या मनात विनवतही होतो. आला नाही. कडी वाजली नाही.

अण्णा मात्र आतून उठून बाहेर आले. बंद दाराकडे बघून हसले. ओळखीच्याला बघून हसतो तसं. थोडा वेळ ऐकत असल्यासारखे उभे राहिले, मान डोलावली, आणि म्हणाले, "बरं. परत या मग."

दुसऱ्या दिवशी आमचा सर्व्हर ठरल्याप्रमाणे सुरू झाला. नारळ फोडला, मशीनला हार घातला, पोरांनी घर डोक्यावर घेतलं. कॉलनीचा मॅप मात्र नव्हता. सगळ्या जाहिराती त्याच्याच होत्या, त्यामुळे बोंबाबोंब झाली. नंदूने सांगितलं, फाइल खराब झाली. खरं म्हणजे त्याने ती पहाटेच पुसली होती, मला शेजारी बसवून. परत ती करायची हिंमत दोघांपैकी कुणाचीच झाली नाही. तो सर्व्हर नंतर खूप चालला. ती कोरी ओळ पुन्हा कधी दिसली नाही.

काकूंना मी खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, साधा माणूस, अण्णा इथंच राहतात ना, एवढं विचारलं, म्हणून वर पाठवला. चेहरा? "माझ्या डोळ्यांवर ऊन होतं रे." मग दबक्या आवाजात विचारलं, "आखाजीच्या तोंडावर येतात पितर पाणी मागायला. तुमच्यात घागर भरतात का?" अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर आमच्यातही भरतात. आणि आमच्या घरचं कुणी अण्णांना पाण्यात का नेईल, हे मला पटत नाही.

डॉक्टर म्हणाले, असे रुग्ण जुन्या रस्त्यानेच जातात. पटलं. कॉम्प्युटरमधले एक ओळखीचे म्हणाले, मशीनच्या मेमरीत काहीबाही राहून जातं. तेही पटवून घेतलं असतं. पण अण्णा मारुतीपुढे वाकले ते मशीनला कुणी सांगितलं? आणि काकूंकडे तर कॉम्प्युटरही नव्हता...

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते. पाटाकडे जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. शर्टही नाही चढवला. वाट बघणाऱ्या माणसासारखे दाराकडे तोंड करून बसायचे, एवढंच. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी त्यांनी माझा हात धरला.

"आले रे ते. ह्या वेळी तरी बाहेर ठेवू नका."

माधुरीने माझ्याकडे पाहिलं. अण्णांच्या डोळ्यांत भीती नव्हती, यजमानाला असतो तसा संकोच होता फक्त. मी जाऊन दार उघडलं. जिना रिकामा होता. मी बाजूला सरकलो, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या."

दिवेलागणीच्या आत अण्णा गेले. फार शांतपणे.

मी 'या' कुणाला म्हणालो ते मला आजही माहीत नाही. ते अण्णांबरोबरच निघून गेले, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. माधुरी मात्र अजूनही दुपारी अण्णांच्या त्या खोलीत झोपत नाही.